आनुपूर्वी आणि परतीचा क्रम

सामायिकाच्या बैठकीशेजारी, माळ आणि स्तोत्रांच्या वहीसोबत, पुष्कळ जैन घरांत एक लहानशी पुस्तिका असते. तिला आनुपूर्वी म्हणतात. तिच्या पानांवर वाचण्यासारखे काहीच नाही, असे परक्या माणसास वाटेल. प्रत्येक पानावर एक कोष्टक, कोष्टकात सहा ओळी, ओळीत पाच घरे आणि घरांत १ ते ५ हे अंक. अशी एकंदर वीस कोष्टके, म्हणजे १२० ओळी. ओळ कोणतीही घेतली तरी अंक तेच पाच. बदलतो तो केवळ त्यांचा क्रम.

ज्याला ठाऊक आहे तो या अंकांकडे पाहून नमस्कार महामंत्र म्हणतो. १ दिसला की अरिहंतांस वंदन, २ दिसला की सिद्धांस, ३ आला की आचार्यांस, ४ ला उपाध्यायांस आणि ५ ला सर्व साधूंस. नेहमीच्या क्रमाने मंत्र म्हणताना जीभ सवयीने पुढे धावते आणि मन दुकानातल्या उधारीकडे वा लेकीच्या सासरकडे जाऊन बसते. आनुपूर्वीत ते जमत नाही. ओळ ‘३ १ २ ४ ५’ अशी असेल, तर प्रत्येक अंकाशी थांबून, त्याचे पद आठवूनच पुढे जावे लागते. मन बांधून ठेवण्याची ही युक्ती किती जुनी आणि किती सोपी आहे, याचे मोठ्यांना कौतुक असते. घरातल्या महाविद्यालयीन मुलांना मात्र तो आकड्यांचा निरर्थक खेळ वाटतो. या मुलांपैकी जी संगणकाकडे वळली आहेत, त्यांनी ही पुस्तिका एकदा गणिताच्या अंगाने उघडावी, इतके तिच्यात निश्चित आहे.

या पुस्तिकेची सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे कोष्टकात मंत्राचे अक्षरही नाही. मंत्र वाचणाऱ्याच्या मुखी आहे. कागदावर आहे तो निव्वळ क्रम. वस्तू एकीकडे आणि त्या वस्तूंचा क्रम दुसरीकडे, अशी ही फोड आहे. तीच ओळ पाच पदांना लावता येते, पाच महाव्रतांना लावता येते, दुकानातल्या पाच डब्यांनाही लावता येते. क्रम ही स्वतंत्र वस्तू आहे, ती अंकांच्या ओळीने लिहिता येते, आणि एकदा लिहिली की तिच्यावर बेरीज-वजाबाकीसारख्या क्रिया करता येतात, हा विचार विसाव्या शतकात एका संगणक-भाषेने पुन्हा नव्याने आणि फार स्पष्टपणे मांडला.

त्या भाषेचे नाव एपीएल. तिचे जनक केनेथ आयव्हर्सन यांचा जन्म १९२० साली कॅनडातील अल्बर्टा प्रांतात कॅमरोझ येथे झाला. नववी इयत्तेनंतर त्यांनी शाळा सोडून घरच्या शेतावर काम केले, आणि पुढे शिक्षणाचा तुटलेला धागा पुन्हा जोडून ते हार्वर्डला पोहोचले. तेथे शिकवताना त्यांना जाणवले की गणिताची रूढ चिन्हे अपुरी आहेत. याद्यांवर, तक्त्यांवर करावयाच्या क्रिया नेमकेपणाने लिहिण्यास सोय नाही. एकाच चिन्हाचे दहा अर्थ, एकाच अर्थाची दहा चिन्हे. म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हपद्धती रचली. ती आधी फळ्यावर आणि कागदावर वापरण्यासाठी होती. १९६० मध्ये ते आयबीएम कंपनीत गेले, १९६२ मध्ये या पद्धतीवरील त्यांचे पुस्तक निघाले, आणि १९६६ च्या सुमारास ती पद्धती आयबीएमच्या यंत्रांवर प्रत्यक्ष चालू लागली. १९७९ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या प्रसंगीच्या व्याख्यानाचा विषय होता, चिन्हलेखन हे विचाराचे साधन कसे होते. ज्यांनी रोजमेळ आणि खतावणी यांची शिस्त आयुष्यभर पाळली, त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही. नोंद करण्याची पद्धत बदलली की धंद्याकडे पाहण्याची नजरही बदलते.

अशा भाषांना अ‍ॅरे-भाषा म्हणतात. अ‍ॅरे म्हणजे एकसारख्या नोंदींची रांग किंवा तक्ता. इतर भाषांत संगणकाला सांगावे लागते की पहिली रक्कम घे, तिच्यात ही मिळव, उत्तर ठेव, पुढच्या रकमेकडे जा, यादी संपेपर्यंत असेच कर. एपीएलमध्ये दोन रकान्यांच्या मध्ये अधिकचे एक चिन्ह लिहिले की सगळ्या ओळींची बेरीज एकदम होते. यादी ही एकच वस्तू मानली जाते. मग याद्यांची उलथापालथ, म्हणजे गणितात ज्याला क्रमचय म्हणतात तो, या भाषेत कसा लिहायचा? उत्तर आनुपूर्वीच्या पुस्तिकेसारखेच आहे: १ पासून सुरू होणाऱ्या अंकांची एक ओळ. ‘२ ३ १’ याचा अर्थ दुसरी वस्तू प्रथम घ्या, मग तिसरी, मग पहिली. वस्तूंच्या यादीपुढे कंसात ही ओळ लिहिली की यादी त्या क्रमाने हजर होते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा उपयोग कोठे, हे गोदामाच्या नोंदीवरून पाहू. तूर ७०० पोती, हरभरा २५०, गहू ९०० आणि ज्वारी ४००. आता यांची मांडणी कमी साठ्यापासून जास्त साठ्याकडे करायची आहे. सामान्य रीत अशी की आकडे उचलून चढत्या क्रमाने लावायचे. एपीएल तसे करत नाही. तिच्यात एक चिन्ह आहे, उभी रेघ छेदून गेलेला त्रिकोण. ते साठ्याच्या रकान्यापुढे लिहिले की उत्तर म्हणून आकडे येत नाहीत, क्रम येतो: २ ४ १ ३. म्हणजे आधी दुसरी नोंद घ्या, मग चौथी, मग पहिली, मग तिसरी. हाच क्रम साठ्याला लावला तर २५०, ४००, ७००, ९०० मिळतात. मालाच्या नावांना लावला तर हरभरा, ज्वारी, तूर, गहू. आणि भावाच्या रकान्याला लावला तर भावही त्याच शिस्तीने येतात. क्रम एकदाच काढायचा आणि प्रत्येक रकान्याला तोच लावायचा.

हा भेद बारीक वाटतो, पण त्याच्या अभावी काय होते हे कोणत्याही कार्यालयात विचारावे. संगणकावरच्या तक्त्यात एकच रकाना निवडून तो चढत्या क्रमाने लावला जातो, शेजारचा नावांचा रकाना जागच्या जागी राहतो, आणि क्षणार्धात एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर जाते. बेरीज तीच राहते, तेरीज जुळते, म्हणून लवकर लक्षातही येत नाही. तक्ता त्या अवस्थेत जतन झाला असेल तर मूळ स्थिती परत मिळवण्यास दुसरा कागदच शोधावा लागतो, कारण कोणता आकडा कोठून कोठे गेला याची नोंद कोणी केलेली नसते. आकडे हलले, पण क्रम लिहिला गेला नाही. जुने मुनीम दर नोंदीला अनुक्रमांक देत. त्यामागे नेमकी हीच दक्षता होती.

ज्याने क्रम लिहून ठेवला आहे, त्याला परतीची वाट असते. ‘२ ३ १ ४ ५’ या ओळीने पाच वस्तू हलवल्या, तर त्यांना पूर्ववत करणारी ओळ कोणती? ती ‘३ १ २ ४ ५’ आहे. तिला येथे परतीचा क्रम म्हणू. तो काढण्याची रीत सोपी आहे. मूळ ओळीत १ कितव्या घरात आहे ते पाहावे, मग २ कितव्या घरात, मग ३, अशी घरे लिहीत जावे. गंमत अशी की एपीएलमध्ये यासाठी वेगळे चिन्ह लागत नाही. चढता क्रम सांगणारा तोच त्रिकोण क्रमाच्या ओळीपुढे लिहिला की परतीचा क्रम मिळतो, कारण ‘सर्वांत लहान कोठे आहे, त्याहून मोठा कोठे आहे’ हाच प्रश्न दोन्हीकडे आहे. गोदामाचा क्रम २ ४ १ ३ होता. त्याच्यापुढे पुन्हा त्रिकोण लिहिला की ३ १ ४ २ मिळते. या ओळीला आणखी एक अर्थ आहे. तूर साठ्यात तिसरी, हरभरा पहिला, गहू चौथा, ज्वारी दुसरी. म्हणजे दोनदा केलेली तीच क्रिया प्रत्येकाचा क्रमांक सांगते. परतीची वाट आणि गुणानुक्रम या दोन गोष्टी एकच असाव्यात, हे प्रथम वाचताना विश्वास बसण्यासारखे नाही; कागदावर चार आकडे घेऊन पडताळावे.

या नजरेने आनुपूर्वीचे पहिले कोष्टक पाहिले तर त्यात एक रचना दिसू लागते. त्याच्या सहा ओळी अशा आहेत: १ २ ३ ४ ५; २ १ ३ ४ ५; १ ३ २ ४ ५; ३ १ २ ४ ५; २ ३ १ ४ ५; ३ २ १ ४ ५. यांतील चौथी आणि पाचवी या एकमेकींच्या परतीच्या ओळी आहेत. एकीने विस्कटलेले दुसरी सावरते. उरलेल्या चार ओळी स्वतःच स्वतःच्या परतीच्या आहेत. त्या दोनदा लावल्या की सारे मूळपदावर येते. संपूर्ण पुस्तिकेतील १२० ओळींमध्ये अशा स्वयंपूर्ण ओळी २६ आहेत. बाकीच्या ९४ ओळींच्या ४७ जोड्या लागतात. शिवाय कोणतीही ओळ पुन्हा पुन्हा लावत गेले तर जास्तीत जास्त सहाव्या फेरीस मूळ क्रम येतोच. ‘२ ३ १ ५ ४’ या ओळीला पूर्ण सहा फेऱ्या लागतात, कारण तिच्यात तिघांचे एक चक्र आहे आणि दोघांचे दुसरे. तीन आणि दोन यांचा मेळ सहाव्या पावलाला बसतो.

क्रमांचा हा विचार जैन परंपरेत कोणी अलीकडे आणून चिकटवलेला नाही. अनुयोगद्वार सूत्रात आनुपूर्वीचे तीन प्रकार सांगितले आहेत. सरळ क्रम ती पूर्वानुपूर्वी, शेवटून सुरुवातीकडे येणारा क्रम ती पश्चानुपूर्वी, आणि या दोहोंव्यतिरिक्त जे जे क्रम संभवतात ती अनानुपूर्वी. धर्मास्तिकायापासून कालापर्यंत सहा द्रव्यांचे उदाहरण घेऊन तेथे अनानुपूर्वींची संख्या काढण्याची रीत दिली आहे: एकापासून एकेक वाढवत सहापर्यंतच्या संख्या परस्परांत गुणाव्या आणि त्यातून दोन वजा करावे. गुणाकार ७२० येतो, अनानुपूर्वी ७१८. ऋषभदेवांपासून वर्धमानांपर्यंत चोवीस तीर्थंकरांच्या नामकीर्तनाच्या क्रमालाही हीच रीत लावली आहे. तेथील गुणाकार चोवीस अंकी येतो. एवढी संख्या लिहून काढण्याची गरज नाही. रीत सांगितली की संख्या सांगितल्यासारखीच आहे, हा आत्मविश्वास त्या मांडणीत दिसतो.

ते ‘दोन वजा’ पुस्तिकेतही उमटले आहे. पहिल्या कोष्टकाची पहिली ओळ १ २ ३ ४ ५, म्हणजे पूर्वानुपूर्वी. विसाव्या कोष्टकाची शेवटची ओळ ५ ४ ३ २ १, म्हणजे पश्चानुपूर्वी. या दोन टोकांच्या मध्ये उरतात त्या ११८ ओळी अनानुपूर्वी होत. सरळ क्रम आरंभी आणि पूर्ण उलटा क्रम अखेरीस येणे हा योगायोग नव्हे. १२० ओळी लिहिण्याचीही एक ठरलेली शिस्त आहे. शेवटच्या दोन घरांतील अंक कोष्टकभर स्थिर राहतात आणि पहिल्या तीन घरांतील अंक सहा प्रकारे फिरतात. शेवटचे घर ५ पासून १ कडे उतरत जाते, त्याच्या आधीचे घरही उरलेल्या अंकांतून उतरत जाते. म्हणून कोष्टके वीस: शेवटच्या घरासाठी पाच पर्याय, त्याच्या आधीच्या घरासाठी चार.

हीच शिस्त महाराष्ट्राच्या भूमीवर आणखी एका ग्रंथात आढळते, आणि तो ग्रंथ धर्माचा नाही, संगीताचा आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला तेराव्या शतकात शार्ङ्गदेव होता. त्याच्या घराण्याचा राजदरबारातील हिशेबखात्याशी संबंध होता, हे येथे मुद्दाम नोंदवण्याजोगे. त्याच्या संगीतरत्नाकरात सात स्वरांच्या ५०४० क्रमांचा विचार आहे. तीन स्वरांचा प्रस्तार तो असा देतो: सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. सा ला १, रे ला २ आणि ग ला ३ म्हटले की हे आनुपूर्वीचे पहिले कोष्टकच झाले. शार्ङ्गदेवाने पुढे दोन प्रश्नांची उत्तरे देण्याची रीत सांगितली. प्रस्तारातील अमुक क्रमांकाची ओळ कोणती, हे पूर्ण प्रस्तार न लिहिता सांगणे म्हणजे नष्ट. आणि अमुक ओळ दिली असता तिचा क्रमांक सांगणे म्हणजे उद्दिष्ट. त्यासाठी त्याने खंडमेरू नावाचे अंकांचे कोष्टक रचले आणि त्याच्या घरांत खडे ठेवून उत्तर काढण्याची पद्धत दिली.

नष्ट आणि उद्दिष्ट हे शब्द गोम्मटसार वाचणाऱ्यांस नवे नाहीत. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी जीवकांडात प्रमादाचे भंग मोजताना हेच शब्द योजले आहेत. चार विकथा, चार कषाय, पाच इंद्रिये, एक निद्रा आणि एक प्रणय. प्रत्येक गटातून एकेक घेतले की ४ गुणिले ४ गुणिले ५, असे ८० भंग होतात. अमुक क्रमांकाचा भंग कोणता आणि अमुक भंगाचा क्रमांक काय, याची रीत भागाकार आणि बाकी यांवर आधारलेली आहे. (त्याच्या आधी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात निवडीच्या प्रकारांचे सूत्र दिले होते. त्या ग्रंथाची हिंदी आवृत्ती १९६३ साली सोलापुरातूनच निघाली. ती अनेकांच्या कपाटात आहे. किती जणांनी उघडली हा प्रश्न वेगळा.)

आयव्हर्सन यांनी १९९० मध्ये रॉजर हुई यांच्या साहाय्याने एपीएलची पुढची भाषा सिद्ध केली. तिचे नाव इतकेच: जे. एपीएलच्या खास चिन्हांसाठी खास कळफलक लागे. जे ने साध्या कळफलकावरची चिन्हे वापरली. या भाषेत इंग्रजी ए अक्षर आणि त्यापुढे टिंब अशी एक क्रिया आहे. तिला एखादी ओळ दिली की ती त्या ओळीचा क्रमांक सांगते. क्रमांक आणि यादी दोन्ही दिली की त्या क्रमांकाच्या क्रमाने यादी मांडून देते. पहिले काम म्हणजे उद्दिष्ट, दुसरे म्हणजे नष्ट. जे च्या कर्त्यांनी शार्ङ्गदेव वा गोम्मटसार समोर ठेवून हे केले, असा दावा करण्याचे कारण नाही. सर्व क्रम ओळीने मांडू लागले की हे दोन प्रश्न उभे राहतातच, आणि दोन्हीकडे ते एकाच जोडीने उभे राहिले.

रीत समजण्यास जुन्या हिशेबाचा आधार घ्यावा. १९५७ च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या. १००० पैंचे किती? रुपयाच्या १९२ पै. म्हणून पाच रुपये, उरल्या ४०. त्यांचे तीन आणे, उरल्या ४ पै. क्रमांकाचेही असेच नाणे मोडायचे, मात्र येथे नाणी २४, ६, २ आणि १ अशी आहेत. समजा, आनुपूर्वीची ७१ वी ओळ हवी. तिच्या आधी ७० ओळी होऊन गेल्या. ७० मध्ये २४ ची दोन नाणी, उरले २२. त्यात ६ ची तीन, उरले ४. त्यात २ ची दोन, उरले शून्य. म्हणजे २, ३, २, ०. आता शेवटच्या घरापासून सुरुवात करावी. ५ ४ ३ २ १ यांतील पहिले दोन सोडले की ३ मिळतो. तो शेवटच्या घरात. उरलेल्या ५ ४ २ १ यांतील तीन सोडले की १. तो चौथ्या घरात. उरलेल्या ५ ४ २ यांतील दोन सोडले की २, तो तिसऱ्यात. उरले ५ आणि ४. एकही सोडायचा नाही, म्हणून दुसऱ्यात ५ आणि पहिल्यात ४. ओळ झाली ४ ५ २ १ ३. पुस्तिकेतले बारावे कोष्टक उघडून त्याची पाचवी ओळ पाहावी.

संगणकाची ओळ मात्र थोडी निराळी येईल, आणि त्यामुळे कोणी गोंधळू नये. जे भाषा शून्यापासून मोजते आणि शब्दकोशातल्या शब्दांप्रमाणे डावीकडून क्रम लावते: १ २ ३ ४ ५ नंतर १ २ ३ ५ ४, मग १ २ ४ ३ ५. आनुपूर्वीचा प्रस्तार डावीकडे हलतो आणि उजवीकडे स्थिर राहतो. पण दोन्हींमध्ये पूल आहे. पुस्तिकेतली कोणतीही ओळ उजवीकडून डावीकडे वाचावी आणि प्रत्येक अंक ६ मधून वजा करावा. संगणकाच्या यादीत त्याच क्रमांकावर असलेली ओळ मिळते. २ १ ३ ४ ५ उलट वाचली की ५ ४ ३ १ २. प्रत्येक अंक सहातून वजा केला की १ २ ३ ५ ४. पुस्तिकेत ती दुसरी, संगणकाकडेही दुसरी. हे १२० पैकी प्रत्येक ओळीस लागू आहे.

या सगळ्याचा एक अगदी व्यावहारिक उपयोग आहे, तो मुद्रितशोधनाचा. आनुपूर्वीच्या पुस्तिका बहुधा कोणाच्या स्मरणार्थ, तपाच्या पारण्यानिमित्त किंवा विवाहप्रसंगी छापून वाटल्या जातात. छपाई घाईची, आणि सहाशे अंकांत एखादा चुकणे अशक्य नाही. एका घरात ४ च्या जागी ३ पडला तर त्या ओळीत आचार्यांस दोनदा वंदन होते आणि उपाध्याय राहून जातात. श्रद्धेने म्हणणारा छापलेल्या अंकावर विश्वास ठेवतो. काही जण तपासणी म्हणून ओळीची बेरीज १५ येते का ते पाहतात. ही तपासणी अपुरी आहे. १ ३ ३ ३ ५ यांचीही बेरीज १५ च होते. तेरीज जुळली म्हणून खाते बरोबर असतेच असे नाही, एक चूक दुसरीला झाकू शकते, हे वाणिज्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, येथेही तेच. खरी कसोटी अशी: ओळ चढत्या क्रमाने लावली असता नेमकी १ २ ३ ४ ५ आली पाहिजे. अ‍ॅरे-भाषेत सगळे १२० ओळींचे कोष्टक एकदम देऊन ही कसोटी एका ओळीत लिहिता येते, आणि कोणतीही ओळ दुसऱ्यांदा आलेली नाही हेही तेथेच कळते. ज्याच्याकडे संगणक नाही त्याने प्रत्येक उभ्या घरातले अंक मोजावेत. १२० ओळींत एका घरात प्रत्येक अंक नेमका २४ वेळा यायला हवा. चूक कोठे आहे हे याने लगेच सापडणार नाही, पण बहुतेक चुका असल्याचे कळेल. हे काम मुद्रणालयात पाठवण्यापूर्वी घरातल्या एखाद्या मुलाकडे सोपवावे. दहा मिनिटांत होईल, आणि मुलाला पुस्तिका निरर्थक वाटणार नाही.

उद्दिष्टाचा उपयोग तर दुकानदाराला रोजचा आहे. सकाळी गादीवर बसण्यापूर्वी आनुपूर्वी सुरू करावी आणि मध्येच गिऱ्हाईक यावे किंवा फोन वाजावा. परत येऊन पाहावे तो पान मिटलेले. शेवटची म्हटलेली ओळ आठवत असेल तर तिचा क्रमांक काढता येतो आणि तेथून पुढे चालता येते. ओळीचे शेवटचे दोन अंक कोष्टक सांगतात आणि पहिले तीन त्या कोष्टकातली ओळ.

अलीकडे मोबाइलवरही आनुपूर्वी आली आहे. पडद्यावर ओळी आपोआप सरकतात, काहींत ध्वनिमुद्रित आवाज पदे म्हणतो. डोळे अधू झालेल्या वृद्धांसाठी ही सोय निश्चितच चांगली. पण ज्याचे डोळे शाबूत आहेत त्याच्यासाठी ती कितपत योग्य, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. अ‍ॅरे-भाषेचे सारे सामर्थ्य यात आहे की १२० ओळी ही तिच्या दृष्टीने एकच वस्तू. त्या तिला एकेक करून पाहाव्या लागत नाहीत. आनुपूर्वी म्हणणाऱ्याचे सारे काम याच्या अगदी उलट आहे. त्याच्यासमोर एका वेळी एकच अंक, एकच पद. सहाशे पदे, प्रत्येकास तीन सेकंद धरले तर अर्धा तास. यंत्र जे काम डोळ्याचे पाते लवण्याआधी उरकते, त्याला अर्धा तास देण्यातच माणसाचा लाभ आहे. ओळी आपोआप सरकू लागल्या की थांबून पद आठवण्याचे कारणच नाहीसे होते. आवाज दुसऱ्याचा आणि मन पुन्हा उधारीकडे.

पाच पदांच्या जागी चूलिकेसह नऊ पदे घेतली, तर ओळी ३,६२,८८० होतात. पानावर सहा ओळी छापल्या तर ६०,४८० पाने लागतील. असा ग्रंथ कोण छापणार आणि कोण उचलणार? येथे नष्टाची रीत पुस्तिकेची जागा घेऊ शकते. रोज १२० ओळींचा नेम धरला तर ३०२४ दिवस, म्हणजे आठ वर्षांहून थोडे अधिक. कोणत्या दिवशी कोणत्या ओळी येतात, हे ४०,३२०, ५०४०, ७२०, १२०, २४, ६, २ आणि १ या नाण्यांनी क्रमांक मोडून काढता येते. त्यासाठी आदल्या दिवसाचे पानही जवळ लागत नाही. पहिल्या दिवसभर शेवटची चार घरे ६ ७ ८ ९ हीच राहतील आणि पहिल्या पाच घरांत घरची ओळखीची पुस्तिकाच पहिल्या पानापासून अखेरपर्यंत फिरेल. दुसऱ्या दिवशी सहाव्या घरात ५ येईल. आणि ३०२४ व्या दिवशीची शेवटची ओळ असेल ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १.